यादीत हात नाहीत

तुल्कान,
९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या दोन कागदांवर खाडाखोड झाली आणि ती मला पाहवेना. सवय तूच लावलीस. आई गेल्यावर मला तुझ्या बेकरीत आणलं, तेव्हा त्या तडा गेलेल्या जुन्या काथवटीत पीठ पसरून तू मला अक्षरं शिकवलीस. चुकलं की तळहात फिरवायचा आणि पुन्हा गिरवायचं. पिठात चूक राहत नसे. शाईत राहते. म्हणून मला अजून शाईची भीती वाटते, आणि नोकरी मिळाली ती नेमकी शाईची.

जूनपासून मी आपल्या दोन देशांमधल्या रुमिचाका पुलावरच्या नाक्यावर, खाद्यपदार्थ तपासणीच्या दोन नंबरच्या खिडकीत बसते. डिसेंबरपर्यंत चूक झाली नाही तर कायम करतील. आमचे वरिष्ठ मोरेइरासाहेब ग्वायाकिलचे आहेत, समुद्राकाठचे. इथल्या थंडीत दोन स्वेटर घालून बसतात आणि धुकं आलं की खिडकीबाहेर बघून म्हणतात, "बाई, तुमच्या गावात आकाश खाली पडलंय, कुणी उचलत का नाही?"

तुझ्या बाजूला काय ऐकू येतं माहीत नाही. आमचे राजदूत परत आले, तुमचेही गेले. आता तुमच्याकडून येणाऱ्या जवळजवळ सगळ्या मालावर जादा जकात बसली आहे. तुमचे ट्रक पुलाच्या त्या टोकाला, आमचे या टोकाला, आणि मधे हमाल पोती पाठीवर घेऊन देश बदलतात. पूर्वी सकाळी दोनशे ट्रक मोजत होते. काल एकोणचाळीस. धुक्यात उरलेले ट्रक गुरांसारखे उभे असतात.

बाबांच्या झाडाचं सांगायचं होतं. दफनभूमीतली सायप्रसची झाडं आता दोन नवे माळी कापून आकारात ठेवतात. हत्ती, कमानी, देवदूत, बाबांनी एकतीस वर्षं जपलेलं सगळं त्यांनी नीट ठेवलं आहे. फक्त बाबांच्या कबरीजवळचं शेवटचं झाड, जे ते फेब्रुवारीत जाण्याआधी कापत होते, ते कशाचं आहे हे कुणालाच कळत नाही. मला पंख उचललेला पक्षी वाटतो. एक फांदी उगाच बाहेर आली आहे. माळी म्हणाले, "कापून गोल करून टाकू?" मी हात जोडले. मृतांच्या दिवसापर्यंत थांबतो म्हणाले. तू येशील तेव्हा बघून सांग. तुला कळेल.

तुझ्या स्वप्नात बाबा येतात असं तू मागे म्हणाली होतीस. माझ्या येत नाहीत. मला फॉर्मची स्वप्नं पडतात.

तुझी,
असुसेना


इपियालेस,
१६ ऑगस्ट

चिरंजीव असुसेनाला आत्याचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला राजदूतांचं सांगू नकोस. ते गेले काय, आले काय, मला कधी पाव विकत घेताना दिसले नाहीत.

तुझा बाप, सेगुंदो, काल पुन्हा स्वप्नात आला होता. भट्टीच्या दारात उभा. अंगावर तेच हिरवं घोंगडं, खांद्यावर सायप्रसची पानं. मी म्हटलं, "आत ये की, धुकं आत येतंय." तर म्हणाला, "हात धुतले नाहीत." लहानपणापासून असाच. मग म्हणाला, "एदेल्मिरा, इथे सगळं आहे, पण पाव मऊ नाही." एवढंच. मी उठले तेव्हा उशीला खमिराचा वास येत होता.

तेव्हा ठरलं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, डोळे-दुपटं काढलेली पावाची बाळं घेऊन येते, दरवर्षीसारखी चाळीस. एक सेगुंदोला, बाकी त्याच्या शेजाऱ्यांना. तो एकटा खाणारा माणूस नव्हता. यंदा त्याचं तिथलं पहिलं वर्ष आहे. पहिल्या वर्षी उपाशी ठेवलं तर माणूस तिथे रुळत नाही असं माझी आई म्हणायची.

झाडाला कुणाला हात लावू देऊ नकोस. मला ते बघायचं आहे.

आत्या

(हे अक्षर माझं, एर्मेल हमालाचं. बाईंचे हात कणकेत आहेत म्हणून मी लिहितो. बाई म्हणतात हे लिहू नका. लिहून झालं.)


तुल्कान,
३० ऑगस्ट

प्रिय आत्या,

कंसातली ओळ नसती तरी मी अक्षर ओळखलं असतं. एर्मेलकाका रोज माझ्या खिडकीत मालाच्या चिठ्ठ्या देतात, आणि त्यांचा 'र' नेहमी पडायच्या बेतात असतो. परवा मी विचारलं, "एर्मेलकाका, आत्याकडे फार जाणं-येणं वाढलंय?" तर टोपीत पत्र खुपसत म्हणाले, "पुलावरून जातो, वाटेत भट्टी आहे. गरम असते." कानापर्यंत लाल झाले. आत्या, ते विधुर आहेत, तू विधवा आहेस, माझी काही हरकत नाही. फक्त आधी मला सांग. दुसऱ्याकडून कळलं तर वाईट वाटेल.

आता कामाचं. तुझं पत्र आल्यापासून मला झोप नाही. चाळीस बाळं म्हणजे जवळजवळ बारा किलो पाव. नव्या नियमात 'व्यापारी माल' असा शब्द आहे. मृतांसाठी आणलेला पाव व्यापारी माल होतो का? माझ्या मते नाही, पण माझं मत म्हणजे नियम नव्हे. त्यातून तू माझी सख्खी आत्या. उद्या कुणी म्हणालं, हिने घरच्या माणसाला सोडलं, तर? खिडकीत येणाऱ्या बाकीच्या बायकांना मी काय तोंड दाखवू?

म्हणून मी राजधानीला, क्वितोला, रीतसर पत्र पाठवलं आहे. दोन पानी. प्रथा काय, पाव कसा, किती वजनाचा, किती जणी आणतात, सगळं खरं लिहिलं. उत्तर आलं की तू कागद हातात घेऊन ताठ मानेनं पूल ओलांड. तीन वेळा वाचून पाठवलं, एकही खाडाखोड नाही. तुला अभिमान वाटेल.

तुझी,
असुसेना


इपियालेस,
६ सप्टेंबर

असुसेना,

तू विचारलंस?

तुला कुणी सांगितलं होतं विचारायला? माझी आई त्या पुलावरून पाव घेऊन गेली, तिची आई खेचरावरून गेली. मधे एकदा गोळीबार चालू होता तेव्हासुद्धा गेली. शिपाई टोपलीवरचं फडकं उचलायचा, एक बाळ घ्यायचा, फडकं टाकायचा. झाली तपासणी. क्वितोतल्या माणसाला आपली टोपली माहीतच नव्हती. आता तू त्याला तिचं वजनसुद्धा कळवलंस.

(बाई इथे थांबल्या आहेत. पिठाच्या पोत्यावर बसून खिडकीकडे बघताहेत. मी पंचवीस वर्षं पुलावर ओझी वाहतोय, इन्स्पेक्टरबाई. लेखी प्रश्न विचारला की लेखी उत्तर येतं, आणि लेखी उत्तर कधी 'जाऊ द्या' असं नसतं. – ए.)

तुझ्यावर रागावले नाही. नाही, रागावले आहे. पण तू जेवत जा.

आत्या

ता.क. लग्नाचं डोक्यातून काढ. हा माणूस पाव कॉफीत इतका बुडवतो की तळाशी चिखल होतो.


तुल्कान,
२७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

कसं लिहू कळत नाही. उत्तर आलं.

नुसतं उत्तर नाही, परिपत्रक आलं. 'भाजलेले सर्व पिठाचे पदार्थ, हेतू कोणताही असो, प्रमाणपत्राशिवाय प्रवेशास पात्र नाहीत.' हेतू कोणताही असो, हे शब्द माझ्या पत्रामुळे आले. मी 'हेतू' हा शब्द पाच वेळा वापरला होता. परिपत्रक माझ्याच खिडकीवर, माझ्याच हाताने चिकटवलं. प्रमाणपत्राला चार महिने लागतात.

बुधवारी तुमच्याकडची एक म्हातारी आली. फडक्यात तीन पाव. तुल्कानच्या दवाखान्यात मुलगा आहे, त्याच्यासाठी. मी परिपत्रक वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई, वाचता छान. आता पाव द्या." मागच्या अंगणात खड्डा आहे. जप्त केलेलं त्यात टाकून वर चुना ओतायचा असतो. मी ओतला. चुना पडताना पिठासारखाच दिसतो, आत्या. मी तिथे उभी राहिले आणि मला वाटलं, तळहात फिरवला तर पुसलं जाईल.

गावात सगळ्यांना कळलं आहे की विचारणारी मीच. अंडी विकणाऱ्या क्लोतिल्देबाई माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या नवऱ्याच्या कबरीवर तूच दरवर्षी एक बाळ ठेवायचीस. काल अंडी हातात देताना त्या माझ्याकडे न बघता कोंबड्यांना म्हणाल्या, "शिकलेली माणसं बघा गं, मेलेल्यांच्याही तोंडचा घास तपासतात."

तू रिकाम्या हाताने ये. मी इथल्या बेकरीतून पाव आणून ठेवते. बाबांना समजून घेता येईल. ते मला नेहमी समजून घ्यायचे.

तुझी,
असुसेना


इपियालेस,
४ ऑक्टोबर

असुसेना,

तुल्कानच्या बेकरीतला पाव सेगुंदो ओळखणार नाही. त्या पावात डब्यातली पावडर असते. आपलं खमीर माझ्या आईच्या काथवटीतलं आहे, तिला तिच्या आईने दिलेलं. सेगुंदोचा पहिला दूधपाव त्याचाच. अनोळखी पाव त्याच्यापुढे ठेवायचा असेल तर मी येत नाही.

आत्या

(बाई पाणी आणायला गेल्या आहेत, तेवढ्यात ही ओळ. त्यांना यंदा यायचंच आहे. पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. याहून जास्त लिहायची मला मनाई आहे. – एर्मेल)


तुल्कान,
१८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

दोन आठवडे तुझं पत्र नाही. एर्मेलकाका खिडकीत येतात, चिठ्ठी देतात, टोपीला हात लावतात आणि टोपी रिकामी आहे असं मानेनं सांगतात.

त्यांनी मागच्या पत्रात तुझ्या नकळत एक ओळ लिहिली होती. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही म्हणाले. मी समजले. ते मूळचे खाली समुद्राकडचे आहेत ना? तू भट्टी विकून त्यांच्याबरोबर तिकडे जाणार आहेस. जा, आत्या. खरंच जा. तिथे ऊन आहे, तुझे गुडघे बरे होतील. मी रडले, पण ते माझं मला.

पण जाण्याआधी बाबांना भेटून जा. ते जमावं म्हणून मी मोरेइरासाहेबांकडून मालाची पूर्ण यादी मागून घेतली. सत्त्याण्णव प्रकरणं आहेत. साहेब म्हणाले, "बाई, ही यादी आजवर कुणी सलग वाचलेली नाही. लिहिणाऱ्यानेही नाही." मी नऊ दिवसांत वाचली. घोड्याचे केस, काचेचे डोळे, वापरलेल्या घंटा, सगळ्याला क्रमांक आहे. पीठ इकडचं मिळेल. अंडी, लोणी, साखर इकडची. भट्टी क्लोतिल्देबाईंच्या अंगणात आहे, विचारायची मला हिंमत नाही, पण आहे. अडतं ते फक्त खमिरापाशी. खमीर 'जिवंत कल्चर' मध्ये येतं. बाटलीत असो, फडक्यात असो, काथवटीला चिकटलेलं असो. त्याच्या परवान्याला सहा आठवडे लागतात.

मागच्या रविवारी झाडाखाली बसले होते. धुकं इतकं दाट की देवदूतांचे फक्त पाय दिसत होते. आता मला ते झाड पक्षी वाटत नाही. टबात बसलेलं अस्वल वाटतं. आणि ती बाहेर आलेली फांदी उगाच नाही. तिला बाबांनी बारीक तार बांधली आहे, सरळ वाढावी म्हणून. अस्वलाला सरळ फांदी कशाला?

तुझी,
असुसेना


इपियालेस,
२२ ऑक्टोबर

असुसेना,

सेगुंदो आला होता. या वेळी लहान होता, सात-आठ वर्षांचा. आम्ही दोघं कणीक मळत होतो आणि आई दारातून ओरडत होती, "हात धुतल्याशिवाय दाराला हात लावाल तर याद राखा! सगळ्या घराला खमीर लावून ठेवता!" तो हसायला लागला. कोपरापर्यंत कणीक वाळलेली, पांढरी, हातमोजे घातल्यासारखी. मला म्हणाला, "आपण धुवायचेच नाहीत." आणि पळाला, सगळीकडे पांढरे पंजे उठवत. सकाळी उठून मी आधी दार चाचपलं.

मला एक सांग. तुझ्या त्या यादीत हात आहेत का?

आत्या


तुल्कान,
२६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पुन्हा पहिल्यापासून पाहिली. यादीत हात नाहीत.

तू काय करावंस हे मी सांगत नाही. मी सांगू शकत नाही, आणि तूही मला आधी काही सांगू नकोस. एवढंच कळवते की ३० तारखेला सकाळी सहा ते दोन मी खिडकीत आहे. वाळलेल्या कणकेतलं खमीर कोमट पाण्यात भिजवलं तर दोन दिवसांत जागं होतं, हे लहानपणी तूच शिकवलं होतंस. ते फक्त आठवलं म्हणून लिहिलं.

मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. नोंदवहीत जे दिसेल तेच लिहीन. त्याने माझी नोकरी गेली तर गेली, पण खोटं लिहून ती राहिली असं व्हायला नको.

असुसेना


तुल्कान,
५ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुम्ही सगळ्या परत जाऊन तीन दिवस झाले. माझ्या बोटांना अजून जांभळ्या मक्याच्या पेजेचा डाग आहे. मी तो घासत नाही.

त्या सकाळचं तुला सांगते, कारण तू ते माझ्या बाजूने पाहिलेलं नाहीस. सहा वाजता पूल दिसतच नव्हता. खाली नदीचा आवाज, वर सगळं पांढरं. मग त्या पांढऱ्यातून आणखी पांढरं काहीतरी हलायला लागलं. आधी हात दिसले, आत्या. सोळा हात, छातीसमोर उचललेले, कशालाही न लागणारे. मग घोंगडी, मग टोप्या, मग तुम्ही आठ जणी. तुझ्या कोपराला धरून एर्मेलकाका. शिपायाने विचारलं, "हे काय, बायका शरण येताहेत की काय?" पलीकडून कुणीतरी म्हणालं, "तुझा राजदूत दाखव, त्याला शरण जातो!" आणि सगळ्या रांगेला हसू फुटलं.

तू माझ्या खिडकीत आलीस. मी नियमाप्रमाणे विचारलं, "काय आणलंय?"

"हात."

"आणखी?"

"आणखी काही नाही, साहेब."

तू मला साहेब म्हणालीस. नजर माझ्या खांद्यावरून मागे, भिंतीकडे. मला वाटलं, किती हुशार आहे आत्या! ओळख दाखवली तर माझ्यावर बालंट येईल म्हणून परक्यासारखी वागते आहे. मीही तशीच वागले. तुझे हात उलटेसुलटे पाहिले. नखांत, भेगांत, मनगटाच्या वळीत कणीक वाळली होती, आणि तो वास आला. 'झालं' म्हणताना माझा आवाज बदलला असावा, कारण तू एकदम मान वळवलीस.

मी नोंदवहीत लिहिलं: 'एदेल्मिरा पास्पुएल, वय अडुसष्ट. सामान नाही. हात न धुतलेले, कणीक वाळलेली. यादीत हातांचा उल्लेख नाही.' आठ वेळा तेच लिहिलं. मग वही उचलून स्वतःच मोरेइरासाहेबांच्या टेबलावर ठेवली. ते वाचत राहिले. तुमच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. "बाई, हे क्वितोला कळवलंत?" मी म्हटलं, "नाही साहेब. यादीत आहे की नाही याची शंका असती तर कळवलं असतं. शंका नाही." त्यांनी सही केली. म्हणाले, "सत्त्याण्णव प्रकरणं वाचणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही."

क्लोतिल्देबाईंची भट्टी मी मागितली नाही. त्या नाक्याबाहेरच उभ्या होत्या, तुमचे हात बुडवायला कोमट पाण्याची घागर घेऊन. माझ्याशी पाच आठवड्यांनी बोलल्या. "बघत काय राहिलीस, तपासनीसबाई? लाकडं फोड."

दोन तारखेला कबरीवर मोरेइरासाहेब आले तेव्हा मी घाबरले. वाटलं, सही मागे घ्यायला आले. ते नुसतेच बघायला आले होते. तू त्यांच्या हातात एक पावाचं बाळ ठेवलंस, पेल्यातलं पाणी शिंपडलंस आणि सगळ्या ओरडल्या, "बाप्तिस्मा झाला! व्याही मिळाला!" पावाच्या बाळाला बाप्तिस्म्यात धरणारा देणारीचा व्याही होतो, हे त्यांना कुठून माहीत? "आता मला काय करावं लागेल?" तू म्हणालीस, "काही नाही, व्याहीबुवा. फक्त मरेपर्यंत माझ्याशी भांडता येणार नाही." ते बाळ छातीशी धरून तसेच उभे राहिले, दोन स्वेटरांत. कालपासून ते माझ्या खिडकीवरच्या परिपत्रकाकडे बघतात आणि मान हलवतात. आज क्वितोला पत्र कसं लिहितात ते मला विचारत होते.

आता ते, जे मला लिहायचं नव्हतं.

बाबांसाठी पेज ओतताना तू पेल्याच्या बाहेर ओतलीस. आणि ओतत राहिलीस. एर्मेलकाकांनी हळूच पेला सरकवला, जणू रोजचंच. तेव्हा मला एकेक गोष्ट उलगडत गेली. एर्मेलचं अक्षर. स्वप्नातून उठून चाचपलेलं दार. 'पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही.' खिडकीतलं 'साहेब'. आत्या, तुला मी दिसलेच नव्हते. माझा आवाज ऐकून तुला कळलं.

मी तिथून निघून गेले. पाणी आणते म्हणाले, आणि हत्तीच्या झाडामागे उभी राहून रडले. लग्नाबद्दल चेष्टा केली होती ती आठवून जास्त रडले. परत आले तेव्हा तू झाडापाशी होतीस. दोन्ही हात पानांत, गाल फांदीला टेकलेला. तू काहीतरी बोलत होतीस, माझ्याशी नाही. मी जवळ आले नाही. मग बस आली, सगळ्यांची धांदल झाली, आणि तू माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेलीस.

तू मला का नाही सांगितलंस? आणि ते झाड काय आहे? माळी सोमवारी येतात.

तुझी,
असुसेना


इपियालेस,
७ नोव्हेंबर

असुसेना,

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सावकाश वाच. एर्मेल शेजारी बसलाय आणि बोटाने ओळ दाखवतोय. त्याला लिहू दिलेलं नाही. कॉफीत चिखल करत बसलाय.

डोळ्यांत मार्चपासून धुकं आहे. पास्तोच्या डॉक्टरने पाहिलं. म्हणाला, हे धुकं दुपारी उठणारं नाही. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू क्वितोला पत्र लिहिलं असतंस.

आणि तुझं तोंड मला दिसलं नाही, पण तू माझे हात उलटेसुलटे केलेस तेव्हा तुझे हात थरथरत होते. अक्षर गिरवताना थरथरायचे तसेच.

सेगुंदो आता येत नाही. तीन रात्री झाल्या. पोट भरलं असेल.

झाडाचं सांगते. तो पक्षी नाही आणि अस्वलही नाही. खालचं पसरट आहे ना, ती काथवट आहे. कडेला एक खाच आहे, बोट आत जातं. तो तडा. त्याने तडासुद्धा ठेवला. आत कुणीतरी बसलंय, लहान, मान खाली. तुला आठवत नसेल, तू चार वर्षांची होतीस, बाहेर उभं राहून हात पुरायचा नाही म्हणून त्या काथवटीत चढून बसायचीस, पिठातच. सेगुंदो रविवारी पूल ओलांडून यायचा, दारात उभा राहायचा. मी म्हणायचे, आत ये. म्हणायचा, हात धुतले नाहीत. खरं म्हणजे त्याला तुझं लिहिणं मोडायचं नसायचं.

ती बाहेर आलेली फांदी उगाच नाही. ते तुझं बोट आहे.

माळ्यांना सांग, बाकी हवं तसं नीटनेटकं करा. फक्त बोट कापू नका. तार आहे तशी राहू द्या. अजून वाढायचं आहे त्याला.

आत्या